औषध आलं, पथ्य सुटलं

चिमणीतून धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं? माझी आतेबहीण सुनंदाताई हे कोणालाही विचारायची. गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. डॉक्टर ताप साधा म्हणाले होते... ताई गेली.

साजगावच्या एका कारखान्यात बॉयलर तिच्या ताब्यात होता. तिथं काळं, जाड तेल जळतं. ते तापवून पातळ करायचं, मग बर्नरमधून त्याचा धुक्यासारखा फवारा उडवायचा. थेंब मोठा राहिला की पुरता जळत नाही, उरलेली काजळी गावावर पडते. मी तेव्हा ‘कारखाना हटवा’ अशी पत्रकं वाटत होतो. एक वाचून ताई म्हणाली, “तुझं लिखाण पण जाड तेल हाय रं. थेंब बारीक कर, मग पेटंल.”

पुढे तिनंच तेलात मिसळायचं एक रसायन मागवलं. तेलातल्या गुठळ्या फोडणारं, काजळी जळायला मदत करणारं. सगळे त्याला औषध म्हणत. पण औषध आलं की पथ्य सोडायचं, ही आपली रीत. आता तेल पातळच आहे, असं ठरवून व्यवस्थापकांनी ते तापवणं कमी केलं. थेंब पुन्हा मोठे झाले. काजळी पडू लागली, तसा औषधाचा डोस वाढवला गेला.

आत्यानं अंगणात वाळत घातलेल्या तांदळाच्या फेण्या काळ्या ठिपक्यांनी भरल्या. “तुजं औषध आमालाच बाधलं गं,” आत्या म्हणाली. ताईनं ते ताट तसंच उचलून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवलं आणि बॉयलर थांबवते म्हणाली. ते म्हणाले, धूर तर दिसत नाही. आणि बॉयलर थांबवलात तर उद्यापासून येऊ नका.

“नाय येत. पण आज बर्नर बंद.”

तिनं बर्नरचं फवारा उडवणारं तोंड, म्हणजे नोझल, साफ करवलं, तेल पुन्हा नीट तापवलं, डोस मूळ मापावर आणला. ज्योत आखूड आणि लख्ख झाली, काजळी थांबली. ‘नाय येत’ म्हणाली होती, तरी दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. काजळी थांबलेली सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे तिला अडवायची हिंमत कोणाला झाली नाही. उलट तिनंच अट घातली, दर सोमवारी गावातल्या दोघांना बॉयलरच्या काचेतून ज्योत बघू द्यायची. ते ती असेपर्यंत चाललं.

आता फाटकावर सांगतात, बाईच नाहीत तर कशाला येता?

बाई नाहीत, म्हणूनच. या सोमवारी सकाळी माझ्याबरोबर फाटकावर या. ज्योत बघायला मागा आणि एकच विचारा, तेल किती तापवलंय? उत्तर मिळाल्याशिवाय परत फिरू नका.