राबावरची तेलविहीर

मुरबाडकडच्या काळ्या पाषाणाखाली तेल असावं, अशी एका कंपनीला शंका आली, तेव्हा मी भूशास्त्राची पदवी घेऊन त्याच कंपनीत नुकती रुजू झाले होते. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. ‘कमीत कमी जमीन’ हे शब्द कार्यालयात तेव्हा आरतीसारखे म्हटले जात. तीन ठिकाणी खोदाईची रिग उभी करण्याऐवजी एकाच जागेवरून तिरक्या विहिरी खोदायच्या, ही कल्पना मुळात उत्तम होती. तिची आकडेमोड मीच केली होती आणि जागाही सुचवली होती: माझ्या आत्याच्या गावामागचा खडकाळ माळ.

मे महिन्यात प्रकल्पप्रमुख पाहणीला आले. माळापर्यंत रस्ता काढावा लागेल आणि तोही वापरलेल्या जमिनीत धरला जाईल, हे त्यांना खुपलं. तेवढ्यात सडकेला लागून एक लहानसा, काळा, जळका तुकडा त्यांच्या नजरेस पडला. ही पडीक जमीन आहे, हा निष्कर्ष त्यांनी जीपमधून न उतरता काढला.

तो माझ्या आत्याचा राब होता. हिवाळ्यापासून जमवलेला पातेरा म्हणजे वाळका पाला, शेण आणि टहाळ पसरून तिने ती जागा भाजली होती. पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरायचं आणि तिथलीच रोपं उपटून सगळ्या खाचरांत लावायची. मी हे साहेबांना सविस्तर सांगितलं. प्रश्न क्षेत्रफळाचा आहे, याची त्यांनी मला आठवण करून दिली आणि बाईंना दुसरीकडे जाळायला सांगा, म्हणाले. जणू आत्या तिथे कचरा पेटवत होती.

सातबारा कल्याणला राहणाऱ्या तिच्या दिराच्या नावावर होता. त्याने होकार देऊन टाकला होता. आत्या भांडली नाही. साहेबांना किती जागा लागते ते तिने विचारलं.

“तुज्या साहेबाला सांग गो, खालचं आख्खं खाचर घ्या. राबाला हात नको.”

खाचर राबाच्या कितीतरी पट मोठं होतं. साहेब मनापासून हसले. “मी कमी मागतोय आणि ही बाई जास्त देतेय. हिला गणित येत नाही का?”

“तिला येतं, सर,” मी म्हटलं. त्यांनी जीपची काच वर केली.

रिग राबावरच उभी राहिली. दुसरा राब भाजायला पातेरा उरला नव्हता, आणि दिवसही. शेजाऱ्यांनी आपली उरलेली रोपं दिली. त्यांत एकच खाचर लागलं. बाकीच्यांत गवत माजलं.

श्रावणात साहेब छायाचित्रकार घेऊन आले. रिगभोवतीचा हिरवा पसारा पाहून ते हरखले. इथे खोदकाम चाललंय हे कुणाला पटणारही नाही, असं त्यांचं म्हणणं.

“ते गवत आहे, सर. तिथे भात असायला हवं होतं.”

“फोटोत काय कळतंय?” ते म्हणाले, आणि गवत कापत असलेल्या आत्याला त्यांनी हाताने बाजूला व्हायची खूण केली.