मूळपुरुषाच्याही आधी

करी रोडच्या चाळीत कालिंदी घाडी यांची ओळख दोन वाक्यांत आटोपते: त्या परळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात, आणि चाळीच्या गणपतीला पहिली दूर्वा त्यांच्या घरून जाते. ही दोन वाक्ये लागोपाठ उच्चारली की ऐकणारा किंचित हसतो. पंचवीसेक वर्षे बाईंनी ते हसू उदारपणे खपवून घेतले. यंदा मात्र प्रश्न हसण्यावर सुटणारा नव्हता.

चाळीतली बहुतेक कुटुंबे तळकोकणातली. गिरणीबरोबर आलेली ही माणसे गिरणी गेल्यावरही राहिली, आणि गावची एक रीत त्यांनी सोडली नाही. गणपतीची पूजा-आरती झाली की सर्वांच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचे. मूळपुरुषाचे नाव घ्यायचे, चुकलेमाकले पदरात घ्यायला सांगायचे, राखण मागायची. आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा!’ म्हणून दुजोरा द्यायचा. याला गाऱ्हाणे म्हणतात. ते घालण्याचा मान घाड्यांचा. कालिंदीबाईंचे वडील भिवा घाडी यांनी तो हयातभर सांभाळला. गेल्या हिवाळ्यात ते वारले, आणि घाड्यांच्या घरात गाऱ्हाणे घालणारे माणूस एकच उरले, कालिंदीबाई.

मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरी निलेशने सोयीचा मार्ग काढला. “भिवाकाकांचं गाऱ्हाणं माझ्या मोबाईलमध्ये आहे. स्पीकरला लावू. एकदम क्लियर आवाज.”

“देव काय कस्टमर केअरचो माणूस?” सुंदराबाई कडाडल्या. चाळीतल्या या सर्वांत वयस्कर बाई; कोणत्याही ठरावाला त्यांची संमती लागते आणि ती सहसा मिळत नाही. “गाऱ्हाणा जित्या माणसानं घालूचा असता.”

“मग कालिंदीताई घालतील.”

सुंदराबाईंनी कालिंदीबाईंकडे रोखून पाहिले. बाईमाणसाने गाऱ्हाणे घालण्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत निराळीच होती. “कालिंदे, तू पोरांका शिकवतस ना, माणूस माकडापासून झालो म्हणून? मग देवासमोर काय बोलतलस?”

“माकडापासून नाही, मावशी. माकड आपलं चुलत भावंड. दोघांचे पूर्वज एकच.”

“म्हणजे भावकीच झाली! आधीची भावकी कमी होती? चाळ पाडून टॉवर होतलो तेव्हा तेंकाय खोली देवची लागतली!”

बैठक हशात बुडाली आणि निर्णय सोडून सर्व काही झाले.

निलेश दुसऱ्या दिवशी नवी तोड घेऊन आला. “ताई, सोप्पं आहे. मत्स्य, कूर्म, वराह... दशावतार म्हणजे उत्क्रांतीच की. आपल्याकडे सगळं आधीच होतं. हेच बोला, टाळ्या पडतील.”

“परशुरामानंतर राम आला म्हणजे प्रजाती सुधारली का रे? आणि कल्की यायचाय हे आधीच ठरलेलं आहे. उत्क्रांतीत कोण येणार ते ठरलेलं नसतं. देवाची आणि विज्ञानाची, दोघांचीही अशी थट्टा मी नाही करणार.”

शेजारच्या इमारतीतला गौतम विरुद्ध दिशेने आला. हा बाईंचा जुना विद्यार्थी, आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. त्याच्या घरी बुद्धवंदना होते, गणपती येत नाही. “बाई, वर्गात आमच्याकडून पुरावा मागून मागून जीव काढलात. आणि आता तुम्हीच गाऱ्हाणं?”

“म्हणून तर अडलेय,” बाई म्हणाल्या.

अडणे खरे होते. फक्त सर्वांना वाटत होते तिथे नव्हते. मासा पाण्याबाहेर आला आणि कालांतराने त्याच्या वंशात करी रोडची माणसे निपजली, या कथेने बाईंच्या श्रद्धेला कधीच धक्का दिला नव्हता. एवढ्या लांबलचक गोष्टीमागे कुणीतरी असणे त्यांना साजेसेच वाटे. त्यांना छळत असे ती गाबोळी. मासा साफ करताना तळहातावर येणारी ती माशाच्या अंड्यांची पिवळी लड: लाखो जीव, त्यांतले जगणार एखाददुसरे. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त शिकवताना हे उदाहरण त्या उत्साहाने देत आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावताना नेमके तेच आठवे. ज्याच्या कारभारात एवढे वाया जाते, त्याच्याकडे ‘आमची राखण कर’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? वर्गात हा प्रश्न टाळता येई, कारण तो अभ्यासक्रमात नव्हता. गाऱ्हाण्यात खोटे बोलता येत नाही. आणि न बोलावे, तर वडिलांचा मान मोबाईलच्या स्वाधीन.

चतुर्थीला आरती संपली. निलेशने खबरदारी म्हणून मोबाईल स्पीकरला जोडून ठेवलाच होता. कालिंदीबाई पुढे आल्या, पदर खोचला आणि वडिलांच्या चालीवर सुरुवात केली.

“बा देवा महाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत...”

“व्हय महाराजा!”

“आमच्या मूळपुरुषाची तुका आठवण आसा...”

“व्हय महाराजा!”

“त्या मूळपुरुषाच्या बापसाची, आज्याची, पणज्याची! त्याच्याय आधी जो झाडार रवत होतो, तेचीय!”

“व्हय महाराजा!” चाळ सवयीने गरजली. मोबाईलकडे निघालेला निलेशचा हात अर्ध्यावर थांबला.

“त्याच्याय आधी जो दर्यातसून जमनीर इलो, तेचीय!”

“व्हय महाराजा!” एवढ्या थोड्या वेळात, एवढ्या एकमताने उत्क्रांती मान्य झाल्याचे उदाहरण विरळाच असेल.

मग बाईंचा आवाज उतरला. “आणि महाराजा, जे वाटेतच रवले... जे अंड्यातच गेले, जे आमच्यापर्यंत पोचाक नाय... ते कित्याक गेले, माका कळना नाय. तुका कळत असात तर तेंका पदरात घे. आमका राखतंस, तसा तेंकाय राख.”

दुजोरा आला नाही. हे सवयीत बसणारे नव्हते. लोकांनी पहिल्यांदाच वाक्य ऐकले होते. त्या शांततेत सुंदराबाई, ज्यांची दोन बाळे बारशाआधीच गेली होती, एकट्याच म्हणाल्या, “व्हय महाराजा.” मागोमाग सगळी चाळ म्हणाली. स्पीकरची वायर कुणीतरी काढून ठेवली.

मोदकाला गौतम आला होता. “बाई, मी दारातून ऐकलं. पुरावा नव्हता.”

“नव्हताच. असता तर वर्गात शिकवला असता. इथे फक्त मागितलं.”

गौतमने मोदक तोंडात टाकला. वाद चालू ठेवण्यास तोंड रिकामे नव्हते. सुंदराबाईंनी मात्र बाईंना बाजूला घेतले, कारण ठराव अजून त्यांच्याकडून मंजूर व्हायचा होता.

“फुडल्या वर्षी माकडाचा नाव सरळ घे गो. झाडार रवणारो, झाडार रवणारो काय? भावकी आसा ती आपली.”