परतीची कुपनं

रबरी शिक्क्याच्या ताज्या शाईचा वास आला की मला ठाणे स्टेशनातलं कुपन छापायचं मशीन आठवतं. तेव्हा ते नवंनवंच आलेलं. वहीतलं कुपन फाडून फटीत सरकवायचं, खटकन आवाज व्हायचा, त्यावर तारीख-वेळ उमटली की तेच तिकीट. खिडकीची रांग सुटली म्हणून सगळे खूश. माझी थोरली बहीण तापानं ठाण्यातल्या हॉस्पिटलात होती. ताप उतरलेला, त्या दिवशी तिला घरी सोडणार होते. आई आणि मी डोंबिवलीहून येऊन उतरलो आणि आईनं तिथंच परतीची कुपनं छापायला घेतली, तिघांची. “अगं, वेळ पडते त्यावर. तासाभरात बाद होतील,” मी म्हटलं. “नाही होत रे. तिला इथं ताटकळत ठेवायला नको. आपण भरभर जाऊ.” आईच्या पिशवीत ताईच्या चपला होत्या, नेताना ताईला उचलूनच नेलेलं. वॉर्डात तिच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर म्हणाली, “पहाटे एकदम घाबरं झालं तिला. गेली हो. तुमच्याकडे फोन नाही, कळवणार कसं?” आई बाकावर बसली, चपला मांडीवर घेऊन. मग तिनं मूठ उघडून माझ्यापुढं धरली. “बघ रे, अजून चालतात का?” घामानं शाई फुटली होती, पण वेळ वाचता येत होती. कुपनं अजून चालत होती. आता कार्ड नुसतं टेकवलं की मशीनच विचारतं, फक्त जायचं की परतीचंही? मागचं कुणीतरी म्हणतं, “रिटर्न काढा ना काका, परत रांग नको.” मी फक्त जायचं काढतो.