आंब्याचा जामीन

अमरावतीत माझ्या फिरण्याच्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ रोज अंगणातल्या आंब्याला पाणी घालताना दिसत. ओळख नव्हती. एका सकाळी ते कुऱ्हाड घेऊन उभे होते. मला हाक मारली.

“भाऊ, हे झाड फळत नाही. मी तोडतो म्हनतो, तुमी म्हना, राहू द्या, पुढच्या साली देईन ते.”

न फळणाऱ्या झाडाला असा धाक घालतात, हे मी ऐकून होतो. झाडासमोर गयावया केली. त्यांनी लगेच कुऱ्हाड खाली ठेवली.

“घरचं कोणी नाही का?”

“बायको म्हने दरसाली. आता ती नाही. धाक देल्यावर अडवाले कोणी नसलं, तं झाड तोडाच लागते.”

यंदाही मोहोर आला नाही. मी आपणहून फाटकाशी जाऊन उभा राहिलो.