समुद्र चाखलेल्या मॅडम

भूगोल शिकवणाऱ्या बाईनं समुद्र पाहिलेला नाही, ही गोष्ट मी पस्तीस वर्षं कुणाला कळू दिली नाही.

छिंदवाड्याकडच्या हिंदी मुलखात, सौसरच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा मी पंचविशीची होते. शिकवणं हिंदीतून, घरचं बोलणं मराठीतून आणि पोरांना रागावणं दोन्हीतून. आपला देश किती तऱ्हेतऱ्हेचा आहे, हा धडा मी दरवर्षी फार हौसेनं घ्यायचे. वर बर्फ, डावीकडे वाळवंट, उजवीकडे चहाचे मळे, खाली तिन्ही बाजूंनी पाणी. नकाशावर छडी फिरवत मी पोरांना पंचेचाळीस मिनिटांत सगळीकडे नेऊन आणायचे. आणि स्वतः काय पाहिलं होतं? शाळेची सहल जायची ती जामसावळीच्या झोपलेल्या मारुतीला, आणि एखाद्या वर्षी उत्साह जास्त झाला तर पातालकोटच्या कड्यापर्यंत. त्याहून लांबचं म्हणजे पचमढी. तेही कॉलेजात असताना, मैत्रिणींबरोबर. लग्नानंतर त्या सहलीचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सहावीत समुद्राचा धडा चालू होता. दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, समुंदराचं पानी खरंच खारं असते काय? तुम्ही चाखलं?"

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघायला लागला. ‘नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता. पण तेव्हा माझं नाक फार वर होतं. मी म्हटलं, "हो, चाखलं ना. इतकं खारट की जीभ चरचरते."

पोरं खूश झाली. मग दरवर्षी त्या धड्याला मी तेच सांगायला लागले, आणि दरवर्षी त्यात भर पडत गेली. लाट मागं जाते तेव्हा पायाखालची वाळू कशी सरकते, ओला पदर वाळल्यावर कसा कडक होतो. गोव्याला जाऊन आलेल्या एका सहकारी बाईंकडून मी हे सगळं काढून घेतलं होतं. थाप मारायची तर नीट मारावी, हा माझा स्वभाव.

तुम्ही म्हणाल, दोन पगारांचं नाही तरी एक पगार आणि एका बगीच्याचं घर, जाऊन का नाही आलात? त्याला कारण बगीचा. मोहगावजवळ आमची संत्र्याची झाडं आहेत, आणि संत्र्याचं झाड सुखात असलं की फुलत नाही. फळं उतरली की हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायचं. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. मग खत आणि पाणी दिलं की सगळं झाड एकदम पांढरं होतं आणि वासानं रस्त्यावरचा माणूस थांबतो.

हे मला लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी पांढुर्ण्याची, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी. माझी झाडांशी ओळख तुळशीपुरती. घरची माणसं एका लग्नाला नागपूरला गेलेली, मी एकटी, आणि समोर झाडं माना टाकून उभी. मला वाटलं, लग्नाच्या गडबडीत विसरले हे लोक. मी मोटर सुरू केली आणि दोन ओळी चांगल्या भिजवल्या. वर सगळ्यांना सांगितलं, मोठ्या कौतुकानं.

त्या दोन ओळींना त्या वर्षी नुसती पालवी फुटली, फूल नाही. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवरा एवढंच म्हणाला, "झाडाची दया आली तिले. दुसरं काय केलं तिनं?" त्या वाक्यासाठी मी त्याला पुढचं पुष्कळ माफ केलं आहे. पण तेव्हापासून ‘बगीचा सोडून चला’ असं म्हणायला माझी जीभ कधी उचलली नाही. तोही कधी ‘कुठं जायचं का’ म्हणाला नाही. आमच्या यांना बोलायचं म्हणजे जिवावर येतं. मी समजले, या माणसाला फिरण्याची आवडच नाही.

निवृत्तीच्या आधी मी शाळेसाठी शेवटचं काम केलं ते नकाशाचं. जिल्हा नवा झाला होता, पांढुर्णा त्याचं मुख्य ठिकाण झालं होतं. भिंतीवरच्या जुन्या नकाशावर मी लाल शाईनं नवी हद्द ओढली. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमनी आमच्या मुलांना घरबसल्या सगळा देश दाखवला. टाळ्या पडल्या. मला मात्र मान वर करवेना. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, आणि मेले तर थापाडीच मरणार, असं वाटलं.

त्या रात्री जेवताना मी बोलून टाकलं. "मले कन्याकुमारीले जायचं आहे. तुमच्यासंगं."

त्यांचा हात वरणातच थांबला. "केव्हा?"

"बगीचा ताणावर असन तेव्हा. तवा तुम्हाले काम काय असते? पानी न देन्याचं?"

"पानी न देनं हेच तं मोठं काम आहे," ते म्हणाले आणि हसले. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी अट सांगितली, "आठ-दहा दिवस जाऊन येऊ. पन आभाळ आलं तं वापस." ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला तर झाडं अर्धवट जागी होतात, थोडी आता फुलतात, थोडी मग, आणि बहर हातचा जातो. मला अट मान्य होती. नसती तरी सांगते कुणाला? शेजारच्या शेतकऱ्याला रोज संध्याकाळी फोन करायची जबाबदारी दिली आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू डब्यात भरून आम्ही निघालो.

नागपूरला दक्षिणेची गाडी धरली. खिडकीची जागा मी त्यांना दिली आणि माझी छडी नसलेला तास सुरू झाला. आपली काळी जमीन संपली, मोठमोठे दगड एकावर एक रचल्यासारखे दिसायला लागले, मग ताडाची झाडं, मग लाल माती आणि हिरवीगार भातशेतं. मी सांगत होते, हे पठार, ही नदी पूर्वेला जाते, इथं परतीचा पाऊस पडतो. आमच्या समोर बसलेल्या बाईसुद्धा ऐकत होत्या. ते मधूनच म्हणाले, "अवं, तू तं लय चांगली शिकवते." पस्तीस वर्षांत त्यांनी माझा तास ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी गोदावरीबद्दल गरजेपेक्षा जास्तच बोलले.

त्यांचं स्वतःचं पाहणं वेगळं. त्यांच्या हिशेबानं देशाचे दोनच भाग. एक, जिथं संत्रा येतो. दुसरा, जिथं येत नाही. प्रत्येक स्टेशनवर उतरून बुटाच्या टोकानं माती उकरायची आणि निकाल द्यायचा. वाटेत मदुरैला मुक्काम केला. देवळात एवढाली गोपुरं, त्यांच्यावर ते रंगीत देव, मी तोंड उघडं टाकून बघतेय, आणि हे बाहेर नारळवाल्याला खुणा करून विचारताहेत की एका झाडाला वर्षाचे नारळ किती. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि तरी अर्धा तास बोलणं चाललं. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर भस्म होतं आणि हातात दोन शहाळी.

त्याच संध्याकाळी फोन आला. मोहगावकडे आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता.

ते खोलीवर आले आणि पिशवी भरायला लागले. मी खाटेवर बसून बघत होते. कन्याकुमारी सकाळच्या एका बसवर राहिली होती. गुडघ्यांची ही अवस्था, पुढच्या हिवाळ्याचा भरवसा नाही, आणि हा माणूस धोतरांच्या घड्या घालतो आहे. माझा तोल गेला.

"तुम्ही तिथी जाऊन पावसाले छत्री धरनार आहे काय?"

"अट झाल्ती आपली."

"मंग जा तुम्ही. मी एकटी जाते."

आयुष्यात असं मी पहिल्यांदा बोलले. रात्रभर आम्ही एकमेकांकडे पाठ करून पडलो. पहाटे मी माझी पिशवी उचलून खाली आले, तर हे चहाच्या टपरीवर दोन पेले घेऊन उभे. म्हणाले, "कोनती बस?" मी सांगितली. ते आधी चढले आणि मला जागा धरली. वाटेत दोन वेळा त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. तिथलं आभाळ स्वच्छ होतं, त्याचा आम्हाला काय उपयोग.

आणि मग समुद्र आला. पोरांच्या वहीत मी लिहून द्यायचे की इथं तीन समुद्र मिळतात. मिळतात, पण कुठला कुठे संपतो हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. नकाशावरच्या नावांसारखं तिथं काही लिहिलेलं नसतं. एवढं पाणी, आणि ते गप्प बसत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी साडी वर धरून पाण्यात घोट्यापर्यंत गेले. लाट मागं गेली आणि पायाखालची वाळू सरकली. अगदी मी सांगायचे तशीच. तिथं मला रडू फुटलं, चारचौघांत, आवाज काढून.

ते बूट हातात घेऊन मागे उभे होते. घाबरले. "काय झालं? गुडघा दुखून राहिला काय?"

मी मान हलवली.

"मंग? तू तं पायलाच होता न समुद्र."

मी डोळे पुसले. "कोन म्हनलं तुम्हाले?"

"तुया वर्गातली एक पोरगी. दोन येन्या घालत जाये. तिचा बाप आपल्याइथी तोडनीले याचा. थे म्हने, आमच्या मॅडमनं समुंदर चाखला आहे, जीभ चरचरते म्हने." ते बुटातली वाळू झटकत बोलत होते. "लगनाले दोन वर्सं झाले होते. मी तवा इटारसीच्या पुढं गेलो नव्हतो. म्हटलं, माहेरच्याइनं हिले सगळं दाखवलं असन. मंग मी तुले काय दाखवू?"

मी तिथंच ओल्या वाळूत बसले. एवढी वर्षं मी समजत होते की बगीचा आमच्या आड आला. आड आली होती माझीच थाप. सहावीच्या वर्गात मारलेली, माझ्या आधी घरी पोचलेली. आणि हा माणूस कमी पडायच्या भीतीनं पस्तीस वर्षं गप्प बसला होता.

"मी खोटी बोलली होती," मी म्हटलं. "मी नाही पायला. आज पयलांदा पाहून राहिली."

त्यांनी बूट झटकायचे थांबवले. मला वाटलं चिडतील, आणि चिडायला हवंच होतं. पण त्यांचा चेहरा उजळत गेला. बूट बाजूला ठेवून ते पाण्यात उतरले, ओंजळ भरून आणली आणि माझ्यासमोर धरली. "चाख मंग."

मी चाखलं. त्यांनीही चाखलं आणि थू करून थुंकले. "इथी संत्रा नाही येत," ते म्हणाले. जीभ मात्र तशी चरचरत नाही. घसा कोरडा होतो. पोरांना मी चुकीचं शिकवलं.

पाऊस आमच्याजवळच्या लोधीखेड्यापर्यंत आला आणि तिकडेच जिरला. आमचा ताण टिकला. आम्ही परतल्यावर पाणी सोडलं आणि झाडं फुलली. त्या दोन ओळी सगळ्यात जास्त फुलल्या असं मला वाटलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुले तसं वाटते.

तेव्हापासून त्यांनी माझा शाळेचा ॲटलास ताब्यात घेतला आहे. संध्याकाळी चष्मा लावून ओट्यावर बसतात आणि एकेका जागेवर बोट ठेवतात. आता विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. "हे वाळवंट पायलं काय तुनं?" नाही. "हे बरफाचं?" नाही. "खरं सांग." खरंच नाही हो. प्रत्येक ‘नाही’ला ते पेन्सिलनं गोल करतात. आता आमच्या देशावर इतके गोल झाले आहेत की दोघांना शंभर वर्षांचं आयुष्य लागेल.

परवा त्यांचं बोट फिरत फिरत घराजवळ आलं, सिमल्याकडून खाली, सातपुड्यावर. पचमढीवर थांबलं. ते बोट उचलायलाच लागले होते. "हे तं जवळच आहे. छिंदवाड्यावरून गेलं की आलं. इथी तं तू गेलीच असशीन."

मैत्रिणी आठवल्या, धबधब्याखालचा तो गारठा आठवला, कड्यावर उभं राहून ओरडलेली स्वतःची नावं आठवली.

"नाही न," मी म्हटलं. "दाखवता काय मले?"