उताऱ्याचा दहीभात

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. इथं भुतांच्या गोष्टी लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या ओळीत हेच लिहितो, ते मला ठाऊक आहे. नात मोबाईलवर वाचून दाखवते, मी ऐकते. घाटातलं वळण, पांढऱ्या साडीतली बाई, गाडी पळवली, दुसऱ्या दिवशी ताप... सगळ्यांना तीच बाई, तीच साडी. मी वरवे बुद्रुकला साठ वर्षं नांदले, त्याच रस्त्यानं आले-गेले, मला एकदाही दिसली नाही. देवऋषी म्हणजे बिनकामाचा बाप्या आणि अंगात येणारी म्हणजे घरात कुणी विचारत नाही ती बाई, असं माझं मत होतं. आजही आहे.

पण एक गोष्ट माझ्याच अंगावर बेतली. मी चौथी शिकलेली, वहीत लिहिलंय, नात टाईप करते आहे. वाचताना जेवत असाल तर आधी जेवण उरका.

बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधीची गोष्ट. माझी मंगल सहा वर्षांची होती. तिच्या डाव्या कुशीत गोळा हाताला लागायला लागला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, म्हणाल्या पोट सरकलंय. शेजारच्या गावची एक पोट चोळणारी बाई आणली. वीस दिवस रोज सकाळी ती बाई एरंडेल लावून पोरीचं पोट कणीक तिंबावी तशी तिंबायची. मग बिब्ब्याचे चटके दिले. पोर गुरासारखी ओरडायची आणि मी तिचे पाय धरून बसायचे. हे मी लपवत नाही. पाय मीच धरले होते.

मग लघवी लाल झाली, तेव्हा कुठं मी कुणाला न विचारता तिला उचलली आणि भोरला डॉक्टरकडे नेली. त्यानं एकदाच हात लावला आणि म्हणाला, पुण्याला न्या, आजच्या आज.

पुण्यातलं मोठं सरकारी हॉस्पिटल होतं, नाव कशाला सांगू. तिथल्या डॉक्टरनं पोटावरचे चटके बघितले आणि विचारलं, कुणी चोळलं हे? मी म्हणाले, आम्हीच. तो म्हणाला, आत फुटलं असतं म्हणजे? मी पोरीचा झगा खाली ओढला. कॅन्सर होता, मूत्रपिंडाचा. एक मूत्रपिंड काढलं. वर सुया द्यायच्या ठरल्या, लागोपाठ पाच दिवस, मग दीड महिना खाडा, पुन्हा पाच दिवस. तीनदा.

सुईनं रोग मरतो का नाही ते नंतरची गोष्ट, आधी पोर मरते की काय असं व्हायचं. सुई दिली की अर्ध्या तासात उलटी. मग दिवे लागेपर्यंत उलटीच. पोटात काही उरायचं नाही, तरी हिरवं-पिवळं पाणी. मंगल म्हणायची, "आये, तोंडात पैसा धरल्यागत लागतंय." माझं लुगडं, गोधडी, केस, सगळ्याला तो आंबूस वास. वॉर्डात वीस खाटा, फिनेलचा वास वेगळा, तुंबलेल्या मोरीचा वेगळा. आणि बघायला येणारे नातेवाईक... नाकाला पदर लावून दारात उभे राहायचे आणि तिथूनच "कसं व्हायचं गं पोरीचं" म्हणायचे. माझ्या जावेनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. कॅन्सर लागेल म्हणून. मला पोरीच्या उलटीची किळस आली नाही, या लोकांची आली.

शेजारच्या खाटेवर वेल्ह्याकडची एक मुलगी होती, सुजाता, आठ वर्षांची. मांडीत गाठ. तिची आई पारूबाई. बौद्धवाड्यातली माणसं. तिच्या पोरीला तीच सुई होती. आम्ही दोघी एकमेकींच्या पोरी धरायचो. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं भांडं. बोलायला वेळ नसायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई एसटीनं आल्या. मी डॉक्टरला गाठायला बाहेर गेले होते. परत आले तर वॉर्डात दही-गुलालाचा वास. बघते तर सुजाताच्या खाटेखाली द्रोण. दहीभात, वर हळद-कुंकू, गुलाल, अर्धं लिंबू, बिब्बा. उतारा होता तो, मंगलवरून उतरलेला. आमच्याकडे आजारी माणसावरून भात ओवाळून गावाबाहेर तीन रस्ते मिळतात तिथं ठेवतात. जो ओलांडेल त्याच्याबरोबर आजार जातो म्हणे. म्हणजे आपला आजार दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि मागं न बघता घरी येऊन जेवायचं. ही आमची रीत.

मी विचारलं, हे इथं का ठेवलं?

आत्याबाई म्हणाल्या, "तिकाटणं कुठं हुडकू? ह्या पुण्यात सगळ्याच रस्त्याला रस्ते फुटल्यात."

म्हटलं, मग त्या पोरीच्या खाटेखाली?

तेव्हा त्यांनी हळू आवाजात पारूबाईची जात काढली, आणि म्हणाल्या, "त्यास्नी काय हुतंय."

सुजाता वर झोपलेली होती. तिला उलट्यांनी इतकं दमवलं होतं की डोळे अर्धे उघडे होते. मी खाली वाकले, खाटेखालून द्रोण ओढला. आत्याबाई घाबरल्या. "फेकू नगं, उलाटलं तर पोरीवर यील," म्हणाल्या. मी म्हणाले, "फेकत न्हाई. दुसऱ्याच्या लेकराच्या माथी मारायचं हुतं न्हवं? माझ्या मारा." आणि तिथंच फरशीवर बसून खाल्लं. बिब्बा बाजूला काढला, बाकी सगळं. दही पार आंबलेलं, एसटीतून सकाळपासून हिंदकळत आलेलं. गुलाल दातात करकरत होता. द्रोण चाटून पुसून स्वच्छ केला, फक्त त्यांना दाखवायला की यात काही नसतं. आत्याबाई तोंडावर पदर घेऊन बसल्या. पारूबाई पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती. तिनं कधीपासून बघितलं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलला चौथी सुई दिली. मी भांडं घेऊन तयार. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पोर म्हणते, आये, बिस्कुट दे. आणि मीच मोरीकडे धावले. मोरीपर्यंत पोचले नाही. दिवे लागेपर्यंत मला उलट्या.

आता कुणीही म्हणेल, नासका दहीभात खाल्ला, उलट्या होणारच. मीही तेच म्हणाले. पाचव्या सुईलाही तसंच. मंगल बसून भाकरीचा तुकडा चघळत होती आणि मी भांड्यावर वाकलेली. नर्स हसली, म्हणाली, बाई, दिवस गेलेत काय? मी एकोणतीस वर्षांची होते. तोंडात चव कसली, तर तांब्याचा पैसा धरल्यासारखी. पोर म्हणायची तशीच. ती चव दहीभाताची नसते.

घरी आलो तसं सगळं थांबलं. मीही ते सोडून दिलं. मनाचे खेळ म्हटलं.

दीड महिन्यानं दुसरी खेप. ज्वारी काढायला आली होती, म्हणून मंगलला घेऊन तिचा बाप गेला आणि मी शेतावर राहिले. सोमवारपासून सुया होत्या. सोमवारी मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. काही नाही. मंगळवारी काही नाही. बुधवारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि स्वतःला हसले. चला, म्हटलं, सुटलं भूत.

गुरुवारी न्याहारी करून पुन्हा काढणीला लागले होते. ऊन डोक्यावर यायला थोडं बाकी. तोंडात एकदम तो तांब्याचा पैसा आला. विळा हातातच राहिला, चुलत सासऱ्यासमोर सरीत ओकले. असं पाच दिवस, रोज त्याच सुमारास.

मंगल आणि तिचा बाप परत आले तेव्हा मी पहिलं विचारलं, सुया कधी दिल्या? ते म्हणाले, औषधच आलं नव्हतं, सोमवारपासून नुसते बसून होतो. गुरुवारी अकराला पहिली दिली. आणि म्हणाले, पोरगी एकदा पण ओकली न्हाई, भेळ मागत हुती.

मी त्यांना काही सांगितलं नाही. चुलत सासऱ्यानं सांगितलं.

मग काय, आत्याबाईंचं तोंड बंद राहतंय होय! माझ्या उताऱ्यानं पोर वाचली असं गावभर झालं. सारोळ्यापासून बाया यायला लागल्या, झाकलेले द्रोण घेऊन. कुणाचा नवरा पितो, कुणाची म्हैस आटली, आणि म्हणायच्या, एवढा घास खावा. म्हशीचा उतारा! मी शेणाची पाटी घेऊन मागं लागले दोघींच्या. माणसं आपलं दुखणं दुसऱ्याच्या ताटात वाढायला किती लगेच तयार होतात, ते तेव्हा बघितलं.

तिसरी खेप शिमग्यानंतर. या वेळी मी गेले. पारूबाई होतीच तिथं, पोरीला घरी न्यायची सोयच नव्हती. सुजाताचं नुसतं कातडं उरलं होतं. डॉक्टरांनी पारूबाईला सांगितलं होतं, पोटात अन्न ठरलं तर सुई पुढं, नाहीतर बंद. आता अंगात सोसायचं बळ नाही.

पहिल्याच दिवशी मला उलट्या झाल्या, मंगलनं शेंगा खाल्ल्या. पारूबाईनं सगळं बघितलं. संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. पदराखाली वाटी. हॉस्पिटलचा भात आणि चहावाल्याकडून आणलेलं दही. तिला खाली बघूनच बोलता आलं.

"ताई, आमी सोडलंय हे समदं. माझ्या बापानं देव नदीला दिलं, तवापासनं आमच्यात काय करीत न्हाईत. मला सुदिक हे पटत न्हाई."

मी म्हणाले, "मला बी पटत न्हाई."

"हळद-कुकू न्हाई घातलं. नुसतं पोरीवरनं उतरलंय. चालंल का?" मग म्हणाली, "तुमी माझ्या लेकीच्या खाटंखालनं काढून खाल्लंत. मी बघितलंय. म्हून आले. दुसऱ्या कुणाकडं गेले नसते."

मी वाटी घेतली. तिच्यासमोर खायला लागले. भात ताजा होता, दही गोड होतं. आमच्या उताऱ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं. दोन घास गेले, तीन गेले. चौथा तोंडात घेतला आणि तो आत जाईना. वाटी तिची होती. भात तिनं हातानं कालवला होता. तिच्या पोरीचं ओकलेलं मी याच हातांनी पुसलं होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. पण तिच्या हातचं खायची वेळ आली, तेव्हा कुठून तरी आतून आत्याबाई वर आल्या. तो घास मी गालात धरला, वाटीतला उरलेला भात चिवडत बसले आणि म्हणाले, आलेच पाणी पिऊन. मोरीवर गेले. थुंकले. चूळ भरली. एकदा नाही, तीनदा. परत येऊन वाटी तिला दिली. तळाला थोडा भात होता. तिनं तो भात बोटानं गोळा करून स्वतः खाल्ला आणि वाटी धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना सुया दिल्या. अर्ध्या तासानं मला उलटी सुरू झाली, मंगलची. सुजाताची सुजातालाच झाली. त्या पोरीचं काही माझ्याकडे आलं नाही. दोन दिवसांनी सुई बंद केली आणि पारूबाई तिला पाठुंगळी घेऊन एसटीला गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर ती मला नसरापूरच्या बाजारात भेटली. हातात पोरगी नव्हती. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं, चैत्रातच गेली म्हणून. मग माझा हात धरला.

"तुमी खाल्लंत ताई. आमचं दुसरं कुणी खाल्लं नसतं. तुमचं उपकार मी इसरणार न्हाई."

मी हात सोडवून घेतला आणि मिरच्या घ्यायला वळले.

मंगल आज आजी आहे. तिसऱ्या खेपेनंतर मला तसली उलटी पुन्हा कधी झाली नाही. शिकलेल्या माणसांना विचारलं, म्हणतात आईचं मन असतं, मनाचा परिणाम होतो. असेल. पण सोमवार ते बुधवार माझं मन कुठं गेलं होतं, आणि गुरुवारी अकराला त्याला कुणी सांगितलं, हे कुणाला सांगता आलेलं नाही. मला तर नाहीच. आणि मी तो चौथा घास गिळला असता तर काही झालं असतं का, तेही कुणी सांगू शकत नाही. बहुतेक नसतं झालं. भातात काय असतं, भातच असतो.

तो मी का थुंकला, तेवढं मला ठाऊक आहे. त्याला भूत लागत नाही.