लिंबाखालची भाकर

दसरा उलटला की सिरसाळ्याजवळची ती वाडी निम्मी रिकामी होते. धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात, म्हातारी मागं उरतात. त्यांच्यासाठी छबुबाई नऊ वर्षं मारुतीच्या देवळामागच्या कोठीत रोज दुपारचं रांधत होती. हरिनाम सप्त्यातलं उरलेलं धान्य त्यात कामी यायचं. तिची मारुतीवर श्रद्धा होती आणि भाकर तिला चांगली जमायची. याहून जास्त विचार तिने त्या कामाचा केला नव्हता.

मागच्या वर्षी गावात धर्मरक्षणाची समिती निघाली. अध्यक्ष झाला बजरंग मुकादम. त्याने कोठीच्या दारावर बोर्ड लावला: जो देवाला हात जोडील त्यालाच प्रसाद. पंगतीतल्या नेमक्या एकालाच तो आडवा येत होता. कारभारी आबा बौद्ध, निवृत्त पोस्टमन, बायको गेल्यापासून एकटे. ते हात जोडत नसत आणि हे कुणापासून लपवतही नसत.

मारुतीने असं कधी सांगितलं, हे छबुबाईने बजरंगला विचारलं. शास्त्रात आहे, तो म्हणाला. कुठल्या, ते विचारून येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने आपला तवा आणि काटवट उचलली, रस्त्यापलीकडे लिंबाखाली तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. देवाचं धान्य बाहेर नेता येणार नाही, असा समितीचा निरोप आला. बरं म्हणाली, आणि घरोघर पीठ मागत फिरली. म्हातारी मंडळी ताटं घेऊन तिच्यामागं गेली.

बीडला नर्स असलेली लेक रोहिणी फोनवर चिडली. देवधर्म माणसं तोडायलाच असतो, आईने आता तरी तो सोडावा, असं तिचं म्हणणं.

"मग भाकर करायचं मला कुणी सुचवलं?" छबुबाई म्हणाली. "बोर्ड बजरंगानं लावलाय. मारुतीला लिवता येत न्हाई."

ती रोज पहाटे देवळात जात राहिली, त्याच बोर्डासमोरून.

समितीने कोठीत खिचडी चालू ठेवली. दिवाळीनंतर बजरंग ऊसतोडीची उरलेली टोळी घेऊन कारखान्यावर गेला. त्याची आई वत्सलाबाई चार दिवस कोठीत एकटीच जेवली. पाचव्या दिवशी तिने ताट घेऊन रस्ता ओलांडला. छबुबाईने काही न विचारता भाकर वाढली.

"एकटीला घास उतरत न्हाई, बाई," वत्सलाबाई आपणहून म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने घरातली दोन पायली ज्वारी आणून दिली.

मार्चमध्ये बजरंग परतला. आई आबांशेजारी बसून जेवत होती. छबुबाईने त्याच्याही हातात ताट दिलं. प्रवासाने भूक लागली होती, बसला. बोर्डाचा विषय कुणी काढला नाही. बोर्ड अजून दारावर आहे.

आबा आता जेवणाआधी सगळ्यांना पेपर वाचून दाखवतात. मग जेवता जेवता छबुबाईशी वाद घालतात. देव नाही, असं त्यांचं म्हणणं. आहे, असं तिचं. मग ती आणखी अर्धी भाकर वाढू का विचारते, आणि आबा ताट पुढं करतात.